पाचव्या लॅपनंतर काय उरतं: १एलई, परफॉर्मन्स पॅक आणि वाइडबॉडी

ट्रॅकवर न्यायला मसल कार, म्हणजे मोठ्या इंजिनाची अमेरिकन स्पोर्टी गाडी, घ्यायची असेल तर आधी तेलाची चौकशी करा. इंजिनाचं तेल, गिअरबॉक्सचं तेल, डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या भागाचं) तेल आणि ब्रेक फ्लुइड. हॉर्सपॉवरचं नंतर बघू. शेव्हरले, फोर्ड आणि डॉज या तिन्ही अमेरिकन कंपन्यांच्या व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) गाड्यांत ती गरजेपेक्षा जास्तच आहे.

हे लिहायला निमित्त झालं मावसभावाच्या फोनचं. तो हल्लीच ऑस्टिनला नोकरीला लागलाय. घरापासून जवळच सर्किट ऑफ द अमेरिकाज आहे, साडेपाच किलोमीटरचा, वीस वळणांचा ट्रॅक, आणि त्याने तिथे जायचं ठरवून टाकलंय. "ताई, जुनी मस्टँग जीटी बघतोय, पण पॅकवाली महाग पडते. पॅक म्हणजे नुसते मोठे टायर आणि स्टिकरच ना?" असा त्याचा प्रश्न. पॅक म्हणजे जादा पैसे घेऊन कारखान्यातूनच बसवलेला भागांचा संच. फोनवर तासभर बोलूनही माझं संपलं नाही, म्हणून इथे सविस्तर.

माझं पोटापाण्याचं कामच उष्णतेचं आहे. डेट्रॉईटजवळ नोव्हायला राहते, गाड्यांचे रेडिएटर आणि कूलर यांवर काम करते, आणि मे ते ऑक्टोबर जमेल तेव्हा ट्रॅक डेला, म्हणजे स्वतःची गाडी ट्रॅकवर चालवायच्या दिवशी, जाते. बहुतेक वेळा साउथ हेवनजवळच्या जिंजरमन रेसवेला. आय-९४ ने कॅलमाझू ओलांडून अडीच-तीन तासांत पोचता येतं. ट्रॅक सुमारे २.१४ मैलांचा, ११ वळणांचा, कडेला भरपूर मोकळी जागा असलेला. गाडी चुकून बाहेर गेली तरी बहुतेक वेळा गवतातच थांबते, त्यामुळे शिकणाऱ्यांसाठी याच्यासारखी जागा नाही. माझी गाडी २०१७ ची शेव्हरले कॅमारो एसएस १एलई. १एलई हे तिच्या ट्रॅकसाठीच्या पॅकेजचं नाव. आमच्या गटातल्या एका ठाणेकराकडे परफॉर्मन्स पॅक लेव्हल २ (पीपी२) ची फोर्ड मस्टँग आहे, आणि सोलापूरच्या एका काकांकडे डॉजची चॅलेंजर स्कॅट पॅक वाइडबॉडी. तिन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच ट्रॅकवर, एकाच हवेत चालवून बघायला मिळाल्या. खाली जे लिहिते आहे त्यातलं बरंचसं तिथलंच.

ट्रॅक डेचं एक सत्र साधारण वीस मिनिटांचं असतं. जिंजरमनला तेवढ्या वेळात दहाएक लॅप (फेऱ्या) होतात. पहिल्या दोन लॅपना तिन्ही गाड्या झकास वाटतात, आणि मासिकांतल्या तुलना बऱ्याचदा तिथेच थांबतात, कारण त्यांना एक सर्वोत्तम वेळ हवी असते. गाडीचा स्वभाव कळायला लागतो तो पाचव्या लॅपनंतर.

का, ते आकड्यांत सांगते. लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी गाडी ताशी २०० किलोमीटरवरून ९० वर आणायची आहे असं समजा. माझी कॅमारो, मी आणि हेल्मेट मिळून वजन १७५० किलोच्या आसपास. एवढ्या एका ब्रेकिंगमध्ये सुमारे २१ लाख ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. घरातलं साडेसहा लिटर पाणी साध्या तापमानावरून उकळीला आणायला जेवढी लागते तेवढी. ही सगळी उष्णता चार-पाच सेकंदांत चार डिस्कमध्ये शिरते. पुढच्या मिनिटाभरात तसंच दुसरं ब्रेकिंग, मग तिसरं. डिस्क, पॅड, पॅड दाबणारे कॅलिपर आणि त्यांतलं फ्लुइड एकामागोमाग तापत जातात. साध्या डॉट ३ दर्जाच्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २०५ अंश सेल्सियस, डॉट ४ चा २३०. पण फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं, आणि ओलावा मुरलेल्या डॉट ४ चा किमान आकडा १५५ वर येतो. फ्लुइडमध्ये बुडबुडे झाले की पेडल नरम पडतं, मग खाली जातं. चॅलेंजरमध्ये माणूस बसल्यावर हेच वजन दोन हजार किलोच्या पुढे जातं. त्याच वळणावर तिला आणखी तीन-साडेतीन लाख ज्यूल जास्त रिचवावे लागतात, आणि ते प्रत्येक लॅपला.

म्हणून भावाला मी पहिलं सांगितलं की पॅकेजच्या यादीत "कूलर" हा शब्द किती वेळा येतो ते मोज.

एसएस १एलईमध्ये तो तीन वेळा येतो. इंजिन ऑइल, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल, तिन्हींना कूलर. शिवाय पुढे सहा पिस्टनचे ब्रेम्बो कॅलिपर आणि ३७० मिलिमीटरच्या डिस्क, मागे चार पिस्टनचे, इलेक्ट्रॉनिक लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, मॅग्नेटिक डॅम्पर (चुंबकाने घट्ट-सैल होणारे शॉक ॲब्झॉर्बर), रेकारो सीट, आणि गुडइयरचे ईगल एफ१ सुपरकार ३ टायर, पुढे २८५ आणि मागे ३०५ रुंदीचे. इंजिन मात्र साध्या एसएसचंच, ६.२ लिटरचं ४५५ हॉर्सपॉवरचं एलटी१. ६,५०० डॉलर जास्त घेऊन कंपनीने एक हॉर्सपॉवरही वाढवली नाही, आणि मला या पॅकेजबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो याचसाठी. ज्यांनी हे ठरवलं त्यांना ट्रॅकवर पैसा कुठे घालायचा ते नीट माहीत होतं.

ही अक्कल एका रात्रीत आलेली नाही. १एलई हा मुळात शेव्हरलेच्या ऑर्डर फॉर्मवरचा एक कोड. १९८८ मध्ये शोरूम स्टॉक रेसिंगसाठी तो निघाला. त्या रेसमध्ये गाडी शोरूममधून निघाली तशीच चालवायची, बाहेरून काही बसवायचं नाही असा नियम होता. मग रेसला लागणाऱ्या गोष्टी कारखान्यातूनच बसवून द्यायची वाट काढली गेली: मोठे ब्रेक, ॲल्युमिनियमचा ड्राइव्ह शाफ्ट, वळणात पेट्रोल एका बाजूला जाऊन पंप कोरडा पडू नये म्हणून आतून कप्पे केलेली टाकी. जाहिरात जवळपास शून्य, आणि ठरावीक ॲक्सल मागवून वर एसी नाकारला तरच हा कोड मिळायचा. टाकीतल्या कप्प्यांसारखी गोष्ट फक्त ज्याची गाडी वळणात पेट्रोलअभावी अडखळली आहे त्यालाच सुचते.

आता फोर्ड. २०१५ च्या मस्टँगपासून सगळ्या मॉडेलना मागे स्वतंत्र सस्पेन्शन मिळालं, त्याआधी बहुतेक मस्टँगला मागे अखंड ॲक्सल असायचा. वळणात खड्डा आला की एका चाकाचा हिसका दुसऱ्या चाकाला जाई. नव्या सस्पेन्शनने तो प्रश्न मिटला आणि २०१८ मध्ये जीटीवर परफॉर्मन्स पॅक लेव्हल २ आला. त्याची किंमतही ६,५०० डॉलर. चारही चाकांना ३०५ रुंदीचे मिशलिन पायलट स्पोर्ट कप २ टायर, मॅग्नेराइड डॅम्पर, ३.७३ गिअर गुणोत्तराचं टॉर्सन डिफरन्शियल, पुढे सहा पिस्टनचे ब्रेम्बो आणि ३८० मिलिमीटरच्या डिस्क, थोडी खाली घेतलेली उंची, पुढे खराखुरा स्प्लिटर (बंपरखालची हवा कापणारी पट्टी). स्प्रिंग कडक केल्या आणि मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) तर बराच कडक, त्यामुळे गाडी वळणात नाक आत घ्यायला चटकन तयार होते.

ठाणेकराची गाडी मी पहिल्यांदा चालवली तेव्हा पुढच्या टायरची पकड बघून थक्क झाले. स्टिअरिंग जरासं हललं की नाक लगेच जागच्या जागी वळतं. पुढे ३०५ चा टायर ही मस्टँगसाठी मोठीच गोष्ट आहे, कारण साध्या परफॉर्मन्स पॅकला पुढे २५५ होते. पाच लिटरचं कोयोटी इंजिन ४६० हॉर्सपॉवरचं, आणि वरच्या आरपीएमला ते जसं गातं तसं कॅमारोचं एलटी१ गात नाही, हे मी माझी गाडी बाजूला ठेवून कबूल करते. बाहेरचंही नीट दिसतं. कॅमारोच्या खिडक्या इतक्या बारीक आहेत की शेजारच्या लेनमध्ये कोण आहे ते मान वळवून शोधावं लागतं, आणि ट्रॅकवर मागून कोणी आलं की आरशावरच भिस्त.

पण पीपी२ च्या यादीत डिफरन्शियलला वेगळा कूलर नव्हता. टायर कप २, ब्रेक मोठे, पकड जबरदस्त. जितकी पकड जास्त तितका वळणातून बाहेर पडताना ॲक्सलवर ताण जास्त, आणि ताण म्हणजे पुन्हा उष्णता. मिशिगनच्या मे महिन्यात १५ अंशांच्या हवेत हे कळणारही नाही. ऑगस्टमध्ये टेक्सासला ४० अंशात भाऊ वीस मिनिटं गाडी पिळेल तेव्हा कळेल. फोर्डच्या लोकांनाही हे ठाऊक होतंच, कारण तोवर त्यांचा मस्टँगच्याच शेल्बी जीटी३५० चा अनुभव गाठीशी होता. २०१६ च्या शेल्बी जीटी३५० मध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे कूलर ट्रॅक पॅक घेतला तरच मिळायचे. ५२६ हॉर्सपॉवरचं, ८,२५० आरपीएमपर्यंत जाणारं इंजिन, आणि तेल थंड ठेवायची सोय ऐच्छिक! पॅक न घेतलेल्या गाड्या ट्रॅकवर तापून स्वतःची ताकद कमी करू लागल्या, २०१७ पासून तो पॅक सगळ्याच जीटी३५० ना मिळू लागला, आणि प्रकरण कोर्टातही गेलं. माझ्या मते अख्ख्या मस्टँगच्या इतिहासातला हा सर्वांत शिकण्यासारखा वर्षभराचा फरक.

२०२१ च्या मस्टँग मॅक १ मध्ये ते शिकलेलं दिसतं. ४८० हॉर्सपॉवर, इंजिन ऑइल कूलर आणि ट्रेमेकचा सहा गिअरचा बॉक्स जीटी३५० कडून, मागच्या ॲक्सलचं कूलिंग जीटी५०० कडून. २०२४ पासूनच्या मस्टँग डार्क हॉर्समध्ये ५०० हॉर्सपॉवर, आणि हँडलिंग पॅकेज घेतलं तर पुढे ३०५, मागे ३१५ रुंदीचे पिरेलीचे ट्रोफेओ आरएस टायर. इंजिन ऑइल आणि ॲक्सल, दोन्हींना कूलर. पाचव्या लॅपनंतरची मस्टँग हवी असेल तर माझ्या लेखी खरी सुरुवात मॅक १ पासून होते.

डिफरन्शियलबद्दल थोडं थांबून सांगायलाच हवं, कारण या दोन गाड्यांच्या हाताळणीतला खरा फरक तिथे आहे. टॉर्सन हे गिअरचं यंत्र. ज्या चाकाला पकड जास्त त्याला ते आपोआप जास्त ताकद देतं, त्याला संगणकाची गरज नाही, वागणं नेहमी सारखं, त्यामुळे पायाला त्याची सवय लवकर होते. मात्र आतलं चाक कर्बवरून (वळणाच्या कडेच्या उंच पट्टीवरून) उचललं गेलं की त्याचा हिशेब चुकतो, कारण पकडच नसलेल्या चाकाच्या दुप्पट-तिप्पटही शून्यच. १एलईमधलं इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल क्लच प्लेटवर चालतं आणि किती आवळायचं ते संगणक ठरवतो. ब्रेक मारत वळणात शिरताना ढिलं, म्हणजे गाडी वळायला मोकळी. बाहेर पडताना घट्ट, म्हणजे दोन्ही चाकं ढकलायला. जिंजरमनला मी कर्ब भरपूर वापरते आणि तिथे हा फरक पायाला लख्ख जाणवतो. ठाणेकराच्या गाडीत त्याच कर्बवर मी पाव सेकंद उशिरा ॲक्सिलरेटर देते. त्याला स्वतःला ते खटकत नाही, त्याचं म्हणणं टॉर्सन कधी दगा देत नाही. आमचा हा वाद जेवणाच्या टेबलावरही चालू असतो.

डॅम्परच्या बाबतीत मात्र दोघी बहिणी. मॅग्नेटिक डॅम्परच्या तेलात लोखंडाचे बारीक कण असतात, विजेने चुंबकीय क्षेत्र बदललं की तेल घट्ट-पातळ होतं, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा घडू शकतं. डेल्फायने काढलेलं हे तंत्र गाडीत पहिल्यांदा आलं २००२ च्या कॅडिलॅक सेव्हिल एसटीएसमध्ये. म्हणजे वयस्कर लोकांच्या आरामासाठी बनलेली गोष्ट आज ट्रॅकवर काम करते आहे. मला त्याचा फायदा ट्रॅकइतकाच मिशिगनच्या रस्त्यांवर होतो. इथे हिवाळ्यानंतर रस्त्याला जे खड्डे पडतात ते बघून पावसाळ्यानंतरचा आपला कोणताही रस्ता आठवावा.

चॅलेंजरबद्दल मी थोडक्यात लिहिणार, आणि ते कमी लेखून नाही. स्कॅट पॅक वाइडबॉडीला ६.४ लिटरचं ४८५ हॉर्सपॉवरचं हेमी इंजिन, चारही चाकांना ३०५ चे टायर, ३९० मिलिमीटरच्या डिस्क, फुगवलेले फेंडर. कागदावर सगळं भरभक्कम. पण गाडी सुमारे १९५० किलोची आणि व्हीलबेस ११६ इंचांचा, मस्टँगपेक्षा जवळजवळ नऊ इंच लांब. लांब वेगवान वळणात ती आश्चर्य वाटावं इतकी स्थिर राहते. मागची चाकं घसरली तरी हळूहळू घसरतात, सावरायला वेळ देतात. लागोपाठ डावी-उजवी वळणं आली की मात्र वजन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाईपर्यंत वाट बघावी लागते. काकांनी एकदा चार लॅप जोरात मारल्या आणि स्वतःच आत आले. ब्रेकचा वास पिटमध्ये (गाड्या थांबायच्या जागेत) आम्हाला त्यांच्याआधी पोचला होता. त्यांना त्याचं दुःख नाही. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ भरते, फर्नडेलपासून पॉन्टियॅकपर्यंत जुन्यानव्या गाड्यांची रांग, तिथे मागच्या सीटवर दोन नातवंडं बसवून ते जातात. तेवढी मागची सीट आमच्या दोघांकडेही नाही. चॅलेंजर त्या रस्त्यासाठी जन्मली आणि तिथे तिच्यासमोर कोणी टिकत नाही.

टायरचं एक सांगायचं राहिलं. कप २ आणि सुपरकार ३ हे उन्हाळी टायर आहेत, आणि उन्हाळी म्हणजे अगदी शब्दशः. उणे सात अंशांच्या खाली त्यांच्या रबराला तडे जाऊ शकतात, नुसती गाडी हलवली तरी. म्हणून मिशिगनमध्ये माझी १एलई डिसेंबर ते मार्च गॅरेजमध्ये असते आणि टायर तळघरात. पुढचे ३०५ टायर महामार्गावर काँक्रीटच्या खाचा पकडतात, आय-९६ वर पीपी२ चं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागतं. शिवाय टायर झिजतात. चार टायरचा खर्च बराच येतो आणि ट्रॅक नियमित केला तर एक मोसम जेमतेम निघतो. भावाला गाडीच्या हप्त्याआधी हा हिशेब कागदावर लिहायला लावलाय. गाडीचा नेहमीचा विमाही बहुतेक वेळा ट्रॅकवरचं नुकसान भरत नाही, त्या दिवसापुरता वेगळा घ्यावा लागतो.

माझे वडील चिंचवडला इंजिन टेस्ट बेडवर काम करायचे. लोड उतरवल्यावर इंजिन लगेच बंद केलेलं त्यांना चालायचं नाही. पाणी फिरत राहिलं पाहिजे, नाहीतर आतली उष्णता आतच बसते, असं ते आम्हाला गॅरेजमधल्या स्कूटरवरून समजवायचे. ट्रॅकवर शेवटची लॅप ब्रेक जवळजवळ न लावता सावकाश मारायची आणि पिटमध्ये हँडब्रेक ओढायचा नाही, ते याचसाठी. पॅड तापलेल्या डिस्कला चिकटून बसला तर त्याचा ठसा तिथे राहतो आणि पुढच्या ब्रेकिंगला स्टिअरिंग थरथरतं. यात पॅकेजचा काही संबंध नाही, हे कुठल्याही गाडीला लागू.

पुण्या-मुंबईचे वाचक विचारतील म्हणून एवढंच. भारतात २०१६ मध्ये फोर्डने मस्टँग जीटी आणली होती, ६५ लाखांच्या घरात, ४०१ पीएसची, ऑटोमॅटिक. कॅमारो आणि चॅलेंजर कंपनीने तिथे कधी विकल्याच नाहीत. १एलई हवी असेल तर अमेरिकेतच, आणि तीही जुनीच, कारण लान्सिंगच्या कारखान्यातून शेवटची कॅमारो १४ डिसेंबर २०२३ ला निघाली. त्याच महिन्यात कॅनडात ब्रॅम्प्टनला चॅलेंजरही थांबली. आता व्ही-८ वाली मस्टँग एकटी उरली आहे, इथून तासाभराच्या आत असलेल्या फ्लॅट रॉकला बनते. स्पर्धकच नसेल तर पॅकेजं आळशी होतात अशी मला काळजी वाटते. १एलई आली म्हणून पीपी२ आली, आणि जीटी३५० होती म्हणून जास्त ताकदीच्या कॅमारो झेडएल१ १एलईने जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंग ट्रॅकला ७ मिनिटं १६.०४ सेकंदांची लॅप मारून दाखवली, असंच मी मानते.

तर भावासाठी माझा सल्ला. बजेट पुरलं तर मॅक १. नाही पुरलं तर एसएस १एलई, आणि बाहेर नीट दिसत नाही याची सवय करून घे. पीपी२ स्वस्तात मिळाली तर घे, पण डिफरन्शियलचा कूलर बसवायचे पैसे आधीच बाजूला ठेव. साधी जीटी घेऊन नंतर एकेक भाग चढवायचा विचार सोड, ते शेवटी महागच पडतं आणि भाग एकमेकांशी जुळवायला वर्ष जातं.

जुनी गाडी बघायला जाशील तेव्हा विकणाऱ्याला विचार की डिफरन्शियलचं आणि गिअरबॉक्सचं तेल शेवटचं कधी बदललं. उत्तर द्यायला तो अडखळला तर समजून जा. ब्रेक फ्लुइडचं झाकण उघडून रंग बघ, चहासारखा झाला असेल तर ओलावा मुरलाय. व्हीआयएनवरून (गाडीच्या ओळख क्रमांकावरून) मूळ बिल्ड शीट, म्हणजे कारखान्यात काय काय बसवलं त्याची यादी, काढ, कारण काळा बॉनेट रंगवून साध्या एसएसला १एलई म्हणून विकणारे असतात, पण कूलर कोणी रंगवून आणू शकत नाही. खाली वाकून तिन्ही कूलर स्वतःच्या डोळ्यांनी बघ. टायरच्या कडेला डॉट अक्षरांनंतर शेवटचे चार आकडे असतात, २४१९ म्हणजे २०१९ चा चोविसावा आठवडा. नक्षी कितीही भरलेली दिसली तरी तेवढ्या जुन्या टायरवर ट्रॅकला जायचं नाही, आणि नव्या चार टायरची किंमत सौद्यातून कमी करून घ्यायची.